त्या कागदावर मीही सही केली आहे

30 मे 2025. खडकवासल्याला खेत्रपाल मैदानावर बसले होते. माझं पोरगं त्या रांगांमध्ये कुठे आहे ते शेवटपर्यंत नीट सापडलं नाही. सगळे एका मापाचे, एका चालीचे. त्याच परेडमध्ये एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पहिल्यांदाच 17 मुली पास आउट होत होत्या. संथ पावलांनी सगळे 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतल्या शेवटच्या पावलाची खूण, ओलांडून गेले आणि शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला. दोघी रडलो.

अभिमान आहेच. पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

2022 च्या पावसाळ्यात तो आत गेला तेव्हा आमच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता. त्यातल्या एका प्रमाणपत्राचा अर्थ असा : प्रशिक्षणात माझ्या मुलाला इजा झाली, तर सरकारकडे नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मला नाही हे मला पूर्ण समजलेलं आहे. दुसरा कागद बाँडचा. मुलगा स्वतःहून सोडून आला, तर प्रशिक्षणाचा खर्च पालकांनी भरायचा. यांनी दोन्हीवर सही केली, मग मी. त्या घाईत कोण वाचतं? सिलेक्शन झाल्याचे पेढे अजून संपले नव्हते.

नंतर तीन वर्षं पोराच्या बोलण्यातून ते जग कळत गेलं. पहिल्या टर्मला चालणं नाहीच, सगळं पळत. सायकलसुद्धा तुकडीने चालवायची, चूक झाली की तीच सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. ड्रिल स्क्वेअरची टेस्ट पास होईपर्यंत लिबर्टी नाही, म्हणजे पुण्यात येणंही नाही. बॉक्सिंग, घोडेस्वारी, पोहणं, पाठीवर वजन घेऊन डोंगर चढणं. आणि हे सगळं करून जेएनयूच्या पदवीचा अभ्यास! वर्गात डोळा लागला की रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा. "आई, झोप ही काय चीज आहे ते इथं कळलं," असं तो पहिल्या सुट्टीत म्हणाला आणि दोन दिवस झोपला. गुडघे सोललेले होते. मी हळद लावायला गेले तर हसला.

या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. युद्धात उभं राहायचं तर शरीर असंच घडवावं लागतं, हे मला पटतं. ज्यांचं नाव या मैदानाला आहे ते अरुण खेत्रपाल 1971 च्या युद्धात, 21 व्या वर्षी बसंतरच्या लढाईत रणगाड्यातून लढत राहिले, ते याच मैदानावर घडले.

पण घडवताना एखाद्याचं शरीर मोडलंच तर? मणका गेला, डोक्याला मार लागला, तर त्याला वैद्यकीय कारणाने अपात्र ठरवून घरी पाठवतात, त्याला 'मेडिकल बोर्ड आउट' म्हणतात. तो अजून अधिकारी झालेला नसतो म्हणून त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. दर्जा नाही म्हणून अधिकाऱ्याला मिळतं तसं अपंगत्वाचं पेन्शन नाही, फक्त सानुग्रह अनुदान. 1985 पासून असे सुमारे 500 जण घरी आल्याचं बातम्यांत वाचलं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून उपचारांची सोय दिली. चांगलं झालं. पण इतकी वर्षं कुणाच्या तरी आईने कर्ज काढून फिजिओथेरपी केली असेल, ते कुणी भरून द्यायचं?

हा हिशेब मला पटत नाही. मुलगा सोडून आला तर तो सरकारचा खर्च म्हणून मोजायचा आणि मोडून आला तर तो घरच्यांचा. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची ही पोरं. त्यांचे केस तुम्ही कापता, झोप तुम्ही ठरवता, पाऊल कुठे टाकायचं तेही तुम्ही सांगता. मग इजा झाली की तो एकदम 'विद्यार्थी' कसा होतो? ज्या दिवशी तो गेटच्या आत पाऊल टाकतो त्या दिवसापासून त्याला सैनिक माना, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्या कॉलनीतली एक मुलगी नाशिकच्या मुलींच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेत आहे. फार चिवट पोरगी. गेल्या आठवड्यात तिची आई एनडीएच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात घेऊन माझ्याकडे आली. त्या प्रमाणपत्राच्या ओळीवर तिने पेनने खूण केली होती. "काकू, याचा अर्थ काय हो?"

मी तिला ओळ मराठीत समजावून सांगितली. ईसीएचएसचंही सांगितलं. पेन्शनचं तिने विचारलं, तेव्हा "अजून नाही गं" म्हणाले. ती बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसून राहिली.