एका संघव्यवस्थापिकेची उपांत्य फेरी

महाविद्यालयाचा मुलींचा संघ परगावी खेळायला जाणार असेल, तर सोबत एक तरी शिक्षिका असलीच पाहिजे, असा दंडक आहे. दंडक योग्यच आहे. फक्त त्या शिक्षिकेला खेळातले काही कळावे, अशी अट त्यात कोणी घातलेली नाही. आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमची मुलगी यंदा दहावीला आहे, दुसरीच्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, तिसरीला स्वतःलाच सातवा महिना चालू आहे, आणि उरलेली मी लेखाशास्त्र शिकवते व ऐन वेळी सांगता येईल असे एकही भरभक्कम कारण माझ्या पदरी नव्हते. अशा रीतीने मुलींच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापकपद माझ्या गळ्यात पडले.

आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला, ही बातमी प्राचार्यांनी सूचना फलकावर 'दणदणीत वाटचाल' या शीर्षकाखाली लावली. वाटचाल अशी होती की पहिल्या फेरीत आम्हाला पुढे चाल मिळाली, दुसऱ्या फेरीत समोरच्या संघाची परीक्षा आली म्हणून तो संघच आला नाही, आणि उपांत्यपूर्व सामना आम्ही एका गुणाने जिंकलो. तो कसा जिंकलो हे समजून घ्यायचे तर आधी आमच्या क्रीडासंचालकांविषयी सांगितले पाहिजे.

सर मूळचे कबड्डीचे. त्यांनी घडवलेल्या कबड्डीच्या संघाचा जिल्ह्यात दरारा आहे. बास्केटबॉलचा संघ उभा करा, असा आदेश आल्यावर त्यांनी कबड्डीतल्याच काही उंच मुली निवडल्या, त्यांच्या हाती चेंडू दिला आणि शिकवताना भाषा मात्र जुनीच ठेवली. त्यामुळे समोरची खेळाडू चेंडू घेऊन आली की "चढाई आली, कोपरा धर!" अशी आरोळी उठते आणि आमच्या मुली तो कोपरा मनापासून धरतात. बास्केटबॉलमध्ये असे धरल्यास त्याला वैयक्तिक फाउल म्हणतात आणि पाच फाउल झाले की ती खेळाडू सामन्यातून बाद होते. शिवाय दहा मिनिटांच्या एका सत्रात संघाचे मिळून चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्या संघाला प्रत्येक वेळी दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभे राहून कोणाच्याही अडथळ्याविना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याच्या दोन संधी, मिळतात. उपांत्यपूर्व सामन्यात आमच्या आठ मुलींपैकी चार याच मार्गाने बाकावर येऊन बसल्या आणि अखेरची काही मिनिटे मैदानावर आमच्या चारच जणी होत्या. मैदानावर दोन खेळाडू शिल्लक असेपर्यंत सामना चालू राहतो, हा नियम मला त्या दिवशी कळला. समोरच्या मुलींनी मात्र मिळालेले फ्री थ्रो इतक्या उदारपणे वाया घालवले की आम्ही जिंकलो. सर म्हणाले, "पाहिलंत मॅडम? पकड घट्ट असली की समोरचा दमतोच."

मला या खेळात आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे गुणपत्रक, आणि ते कोणा खेळाडूने नव्हे, तर कोणा हिशेबनिसाने आखले असावे, असे मला मनोमन वाटते. त्यात प्रत्येक संघासाठी गुणांचे आकडे एकाखाली एक छापलेले असतात. मैदानी बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची, फ्री थ्रो पडला तर ठसठशीत ठिपका द्यायचा, आणि तीन गुणांची बास्केट असेल तर ती टाकणाऱ्या खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल करायचा. पहिले आणि तिसरे सत्र लाल शाईने लिहायचे, दुसरे आणि चौथे निळ्या किंवा काळ्या. वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांत मी याच शिस्तीसाठी ओरडत आले आहे. आयोजकांकडून मिळालेली आमच्या सामन्याची प्रत मी घरी आणून नीट तपासली, तेव्हा ध्यानात आले की गुणांचा रकाना बराचसा ओसाड आणि फाउलचा रकाना काठोकाठ भरलेला आहे. जमा तुटपुंजी आणि खर्च सढळ, असा ताळेबंद घेऊन कोणताही व्यवसाय उपांत्य फेरीपुढे जात नाही, हे सांगायला बास्केटबॉल कळण्याची गरज नव्हती.

म्हणून मी ग्रंथालयातून या खेळाचा इतिहास आणून वाचला. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधला, तो हिवाळ्यात चार भिंतींच्या आत अडकलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांना एकमेकांचे हातपाय न मोडता दमवण्यासाठी. त्याने शिपायाकडे खोकी मागितली, शिपायाने पीच फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या आणि त्या दहा फूट उंचीवर कठड्याला ठोकल्या गेल्या. (कार्यालयाकडे मागितलेल्या वस्तूऐवजी भलतेच काही मिळण्याची परंपरा इतकी जुनी असल्याचे वाचून मला बरे वाटले.) त्याच्या मूळ तेरा नियमांतला पाचवा नियम खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाडणे आणि मारणे या सगळ्यांना एका दमात बंदी घालतो. मी हा नियम सरांना वाचून दाखवला. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "त्यांच्याकडे कबड्डी नव्हती ना मॅडम, म्हणून ही वेळ आली."

त्याच पुस्तकात आणखी एक दिलासा सापडला. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० हरले. ज्याने खेळ काढला त्याचीच बाकी अशी उणे निघत असेल, तर आमच्या सरांना कोणी बोल लावू नये, असे माझे मत आहे. मुलींना मात्र मी दुसरे उदाहरण दिले. मुलींचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्यात स्टॅनफर्डने कॅलिफोर्निया विद्यापीठाला २-१ असे हरवले आणि पुरुष प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. गुण कमी पडले तरी चालतात, फाउल करू नका, हे मला त्यातून सुचवायचे होते. मुलींनी एवढाच बोध घेतला की पुरुष प्रेक्षकांना बंदी असावी, आणि पुढचा अर्धा तास 'म्हणजे सरांनाही?' या प्रश्नावर खर्ची पडला.

सरावाची गोष्ट वेगळीच होती. आमचे मैदान सिमेंटचे आणि उघड्यावरचे आहे, आणि ज्या कंत्राटदाराने ते बांधले त्याने उतार बाहेरच्या बाजूला न देता नेमका एका बास्केटच्या खाली दिला आहे. परतीचा पाऊस दुपारी तासभर पडला की फ्री थ्रोच्या रेषेपासून बास्केटपर्यंत घोटाभर पाणी साचते. मग शिपाईमामा खराट्याने पाणी लोटतात, मुली गोणपाट टाकून त्यावर पाय घासत पुढेमागे चालतात, आणि फटींत उरलेले पाणी कर्णधार स्पंजने टिपून बादलीत पिळते. मैदान पुरते कोरडे होते तोवर दिवेलागण होते आणि तिथे दिवा नाही. फ्री थ्रोचा सराव त्यामुळे दुसऱ्या बास्केटवर करावा लागतो, तिची रिंग पुढून किंचित झुकलेली आहे, आणि तिथे अचूक टाकायला शिकलेली मुलगी सरळ रिंगवर हमखास चुकते.

चेंडूचाही प्रश्न होता. मुलींच्या सामन्यात सहा नंबरचा चेंडू लागतो, मुलांच्या सामन्यात सात नंबरचा, जो मोठा आणि जड असतो. आमच्याकडे होते ते सगळे सात नंबरचे. सहा नंबरचे दोन चेंडू घ्यावेत असा अर्ज मी दिला, तेव्हा कार्यालयाने तीन दरपत्रके मागवली. तिसरे दरपत्रक येत नव्हते, कारण तालुक्यात खेळाच्या साहित्याची दुकानेच दोन आहेत. अखेर शेजारच्या शाळेकडून एक चेंडू उसना आणला. तो हाती पडल्यावर मुलींना वाटले की आपण लिंबू टाकत आहोत, आणि पहिल्या दिवशी चेंडू बास्केटच्या वरून थेट सायकल स्टँडवर जात राहिला.

हे सगळे कमी होते म्हणून की काय, उपांत्य सामना ऐन नवरात्रात आला. कर्णधाराचे नऊ दिवसांचे उपवास; सरांचा आग्रह अंडी आणि केळी यांचा. बरीच घासाघीस होऊन केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि भिजवलेले शेंगदाणे यांवर तडजोड झाली, पण साबुदाण्याच्या खिचडीनंतर धावता येत नाही हे तिला पटवणे मला जमले नाही, कारण मलाच ते मान्य नव्हते. खरी अडचण वेगळ्याच मुलीची होती. आमची सर्वांत उंच खेळाडू, जिच्या नावावर फाउलही सर्वांत जास्त, तिने नवरात्रात अनवाणी राहण्याचा नवस केला होता. नवस तिचा असला तरी सोडवायचा अधिकार आजीचा, म्हणून मी फोन लावला.

"मैदान खडीचं हाय का फरशीचं?" आजींनी विचारले.

"सिमेंटचं आहे, आजी."

"मग घालू दे बूट. देवीला सांगून घाल म्हणावं. पण खेळून भाईर आली की लगेच काढायचे."

"सामन्यात मध्येच बदली होते, आजी. पाच मिनिटं बाहेर बसून परत आत जावं लागतं."

"भाईर म्हंजी भाईर."

बाकावरून मैदानात जाताना बुटांच्या नाड्या बांधत बसायला पंच वेळ देत नाहीत. तेव्हा एकच उपाय उरला, की तिला चाळीसच्या चाळीस मिनिटे आत ठेवायचे, आणि त्यासाठी तिने पाच फाउल करता कामा नयेत. सरांचे व्याख्यान, नेस्मिथचा पाचवा नियम आणि माझा ताळेबंद या तिन्हींनी जे साधले नव्हते, ते आजींच्या दोन शब्दांनी साधले. दुसऱ्या दिवशीच्या सरावात ती दोन्ही हात सरळ वर करून खांबासारखी उभी राहिली आणि समोरून कोणी आले तरी तिने बोट लावले नाही. सरांना ते पाहवेना; ते पाठ फिरवून उभे राहिले.

कागदपत्रांचे मी थोडक्यात सांगते. पात्रता अर्जावरचा प्राचार्यांचा गोल शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर यावा लागतो. आमच्या लिपिकाने तो इतक्या निष्ठेने मारला होता, की आठही मुलींची नाके शिक्क्याखाली गेली आणि आयोजकांनी ओळख पटत नाही म्हणून सगळे अर्ज परत धाडले. नव्या छायाचित्रांसाठी मुली एकत्र स्टुडिओत गेल्या आणि केशभूषेवरून त्यांच्यात जे वाद झाले, त्यातली जिद्द पुढे मैदानावर दिसावी अशी माझी इच्छा आहे.

पोशाखाचा पेच मात्र आयोजकांचा कार्यक्रम हाती पडल्यावर, म्हणजे आदल्या दिवशी, समोर आला. नियमाप्रमाणे कार्यक्रमात ज्या संघाचे नाव आधी असते त्याने फिक्या रंगाची, शक्यतो पांढरी जर्सी घालायची आणि दुसऱ्याने गडद. आमचे नाव आधी होते आणि आमच्याकडे एकच जोड, तोही गडद हिरवा. दोन्ही संघ राजी असतील तर रंगांची अदलाबदल करता येते, असे वाचून मी समोरच्या संघाच्या व्यवस्थापिकांना फोन केला. त्याही माझ्यासारख्याच निघाल्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडेही एकच जोड होता आणि तोही हिरवाच, एकाच दुकानातून, बहुधा एकाच दरपत्रकावर घेतलेला. आम्ही दोघींनी एकमेकींचे सांत्वन केले, त्या दिवशीचा नवरात्राचा रंग कोणता याची खात्री करून घेतली आणि फोन ठेवला.

शेवटी मुलांच्या संघाच्या पांढऱ्या जर्सी मागून आणल्या. त्या आमच्या मुलींच्या गुडघ्यांपर्यंत आल्या, त्या त्यांनी चड्डीत खोचल्या, आणि मग दिसले की त्यांत नऊ नंबरच्या दोन आहेत. एका संघात एक क्रमांक दोघींना चालत नाही. पूर्वी क्रमांक चार ते पंधरा एवढेच असत; आता शून्य, दोन शून्य आणि एक ते नव्याण्णव असे हवे ते घेता येतात, म्हणून औषधाच्या दुकानातून काळी चिकटपट्टी आणून एका नवाच्या आधी मी पाठीवर आणि पोटावर एक आखला. एकोणीस झालेल्या मुलीने तक्रार केली की तिचा एक वाकडा आला आहे. तो वाकडा नव्हता. जर्सीला चुणी पडली होती.

रात्री प्राचार्यांनी संघाला शुभेच्छा देण्यासाठी दालनात बोलावले. मुली रांगेत उभ्या राहिल्या, सरांनी छाती पुढे काढली, मी हजेरीपट आणि आगाऊ रकमेची पावती घेऊन कोपऱ्यात थांबले. प्राचार्य खेळाडूवृत्तीवर बोलले, नेतृत्वावर बोलले, महाविद्यालयाच्या लौकिकावर तर बराच वेळ बोलले, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले की सामना बरोबरीत सुटला तर काय होते.

"पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो, सर."

"आणि त्यातही बरोबरी झाली तर?"

"आणखी पाच मिनिटं."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, भाड्याची जीप संध्याकाळी सहापर्यंतच ठरली आहे. पुढे तासावर पैसे लागतात आणि ते मंजूर नाहीत. जिंका किंवा हरा, पण बरोबरी होऊ देऊ नका."

मी मान डोलावली आणि हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात ते लाल शाईने लिहून घेतले.