पेन्सिलीचा बैल, शाईचा रेडा

पोळा आठ दिवसांवर आला की गावात ज्याला चार रेघा धड ओढता येतात, त्याच्यावर जबाबदारी पडते. 'यंदा फ्लेक्सवर फोटो नको, शाईनं काढल्यासारखा बैल पाहिजे.' कागदावर पेन्सिलीनं बैल उभा करायला तास पुरतो. त्याच बैलाला कंप्युटरात नेऊन शाईचा करायचा म्हटलं की पोळ्याचा पाडवा उजाडतो.

दोष सगळा पेन्सिलीचा आहे, असं माझं मत. पेन्सिल म्हणजे मुलगी पाहायला आलेले पाहुणे. पोहे खातात, 'कळवतो' म्हणतात आणि निघून जातात. तशी ती एका पाठीच्या जागी सात पाठी काढून ठेवते. दुरून पाठ झकास दिसते, कारण सातातली हवी ती आपला डोळा निवडून घेतो. शाई म्हणजे साक्षगंध. तिथं पाठ एकच लागते, आणि ती कोणती हे कंप्युटर सांगत नाही. काही बहाद्दर थ्रेशोल्डचं फिल्टर (ठरल्या छटेहून गडद ते काळं, बाकी पांढरं) लावून पेन्सिलच थेट काळी करू पाहतात. त्यांना सातही पाठींचा बैल मिळतो, अंगावर बाभूळ उगवलेला.

आधी चित्र आत न्यायचं. सेवा केंद्रातल्या स्कॅनरला सातबारा आणि दाखल्यांची सवय. फाइल शे-दोनशे केबीत कोंबायची आणि अक्षरं काळी करायची एवढंच त्याला ठाऊक. त्या सेटिंगवर पेन्सिलीच्या फिक्या रेघा उडतात आणि बैल तीन पायांवर घरी येतो. म्हणून तिथल्या पोराला सांगायचं, 'ग्रेस्केल कर, ३०० डीपीआय ठेव.' म्हणजे राखाडी छटांत, इंचाला ३०० ठिपके. ए-फोर कागद मग २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा होतो. ६०० चा मोह नको. पिक्सेल चौपट होतात आणि एकेका लेयरला (चित्रावर ठेवायच्या पारदर्शक थराला) ३५ एमबीऐवजी १४० एमबी मेमरी लागते. चार जीबीचा लॅपटॉप दहाव्या लेयरला चिखलात रुतलेल्या बंडीसारखा बसतो, आणि त्याला मागून ढकलताही येत नाही.

मोबाइलनं फोटो काढायचा तर सकाळी, ओसरीच्या सावलीत. फ्लॅश बंद, कारण पेन्सिलीचं ग्राफाइट चमकतं आणि जिथं दाब जास्त तीच रेघ पांढरी पडते. फोन कागदाला समांतर धरायचा. तिरपा झाला तर शिंगं मोठी आणि खूर बकरीचे. फार जवळूनही नको, कडा फुगतात. हातभर मागं सरून दुप्पट झूम केलेलं बरं.

डोळ्याला पांढरा दिसणारा कागद फोटोत राखाडी असतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर तो बहुधा २०० च्या आसपास सापडतो. लेव्हल्समध्ये (उजेड-काळोख जुळवायच्या पट्टीत) पांढरा बाण तिथवर आणायचा, काळा साधारण ६० वर. खोडरबराचे फिके डाग, चहाचा पुसट ठसा, बरंचसं त्यात धुऊन निघतं. मग या लेयरला फिका निळा रंग द्यायचा, अपारदर्शकता २५ टक्क्यांवर आणायची आणि लेयरला कुलूप लावायचं. निळा अशासाठी की करड्या पेन्सिलीवर काळी शाई कुठवर आली ते कळत नाही. कुलूप अशासाठी की शाई वरच्या लेयरवर लावायची असते, आणि दोन तासांनी लक्षात येतं की आपण खालच्याच लेयरवर बसलो होतो.

आता रेघ. क्रिटा हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्यात शाईचे ब्रश तयार असतात, म्हणून पैशाचं कारण चालत नाही. ३०० डीपीआयला १२ पिक्सेल म्हणजे छापल्यावर सुमारे एक मिलिमीटर, एवढं ध्यानात ठेवलं की भागतं. पाठीवर ऊन पडतं, तिथं रेघ ६ ते ८ पिक्सेलची. पोट सावलीत, तिथं १४ ते १६. वशिंडावरून उतरताना बारीक आणि गळ्याखालच्या पोळीशी (पुरणाचा संबंध नाही) जाड. सगळीकडे एकाच जाडीची रेघ मारली की बैल तारेचा होतो, वर कपडे वाळत घालावेत असा. दाब ओळखणारं पेन असेल तर जाडी हातानं आपोआप बदलते. मोबाइलची रबरी टोकाची काडी दाब ओळखत नाही. तिथं ब्रश बदलत बसावं लागतं.

हात थरथरतो म्हणून स्टॅबिलायझर असतो. तो रेघेला तुमच्या हातामागून ओढत आणतो, कासऱ्यानं आणावं तशी. थोडा लावला की पाठ सुरेख येते. फार वाढवला की शिंगाचं टोक गोल होतं आणि शेपटीचा झटका मरतो. लांब रेघ मनगटानं नको, खांद्यापासून हात हलवून एका दमात ओढायची. दहापट झूम करून ओढलेली रेघ तिथं देखणी असते, पूर्ण चित्रात मात्र गांडूळ वाटते. अधूनमधून एम दाबून चित्र आरशासारखं उलटं पाहावं. तीन दिवस डौलदार वाटलेला बैल तिथं चक्क एका बाजूला कललेला निघतो.

कंट्रोल-झेडबद्दल बोलावं तेवढं थोडं. दौतीतली शाई कागदावर पडली की पडली, म्हणून माणूस विचार करून हात टाकायचा. इथं चूक फुकट पुसली जाते, म्हणून एकाच शिंगाची रेघ चाळीस वेळा ओढली जाते आणि शेवटी पहिलीच बरी होती असं वाटतं. ती तेवढ्यात परतीच्या पलीकडे गेलेली असते.

छटांकडे येऊ. चिनी परंपरेत एकाच शाईच्या पाच छटा मानतात. पोळ्याला चार पुरतात: साधारण १५, ३५, ६० आणि ९० टक्के. त्या रेघांच्या खालच्या लेयरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये (छटेवर छट आली की गडद होते). मऊ एअरब्रश फिरवला की बैल नाही, पेटलेल्या तणसाचा धूर दिसतो. खरी शाई वाळताना पाणी कडेनं उडतं आणि काजळी कडेला जमते, म्हणून डागाची कड गडद असते. तेव्हा ब्रश कडक कडेचा घ्यायचा आणि एकच बाजू पाण्यानं ओढल्यासारखी विरवायची. कागदाचा पोत सगळ्यात वर, २० टक्क्यांच्या आसपास. त्याहून जास्त झाला की भिंतीला ओल आलेली वाटते.

आमच्या वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल पांढरा, आणि खरी गंमत तिथंच आहे. शाईत पांढरा रंग नसतो. कागद सोडणं हाच पांढरा. बैलाच्या अंगाला हात लावायचाच नाही, पोटाखालची सावली, मागची पऱ्हाटी आणि अंगावरची झूल काळी करायची. बैल आपोआप उजळून पुढं येतो. हे धीराचं काम आहे. धीर सुटून अंगावर ३५ टक्के फिरवले की शेजारून प्रश्न येतो, 'काऊन गा, रेडा हाय का हा?'

हंगामाचं वेगळंच. उकाड्यात तळहाताला घाम येतो, त्याचा थेंब स्क्रीनला बोट वाटतो आणि बैलाला पाचवा पाय फुटतो. जुन्या मोज्याचं टोक कापून करंगळी आणि शेजारच्या बोटावर चढवायचं, हात सरकतोही छान. लाइन जाणारच, म्हणून दर डोळ्यानंतर, दर खुरानंतर सेव्ह. कंट्रोल-आल्ट-एसनं प्रत्येक वेळी नव्या क्रमांकाची प्रत होते, 'फायनल', 'खरंच फायनल' अशी नावं शोधावी लागत नाहीत.

फाइल पीएनजीत काढायची आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. फोटो म्हणून गेली तर दाबली जाते आणि काळ्या रेघांभोवती भुसा सांडल्यासारखे ठिपके येतात. सहा बाय तीनचा फ्लेक्स रुंदीला उंचीच्या दुप्पट असतो आणि ए-फोर साधारण दीडपटही नसतो. ही तफावत दुकानात चित्र ताणून मिटवली जाते. पोळ्याला मग आखूड पायांचा रानडुक्कर झळकतो. म्हणून कॅनव्हास आधीच दोनास एक घ्यायचा.

आणि उजवी बाजू मोकळी ठेवायची. तिथं शुभेच्छुकांचे फोटो येतात, गोल चौकटीत, ओळीनं. कुणी नाराज नको म्हणून ते वाढत वाढत वशिंडापर्यंत पोचतात. तेव्हा शेपटीचे केस ३ पिक्सेलनं एकेक करून ओढायला बसण्याआधी शुभेच्छुक किती आहेत, ते विचारून घ्यावं.