झाड लावलं, पिशवीसकट

आज मुलाच्या शाळेत वृक्षारोपण होतं. बॅनर, हारतुरे, भाषण, सगळं साग्रसंगीत. पाहुण्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं, चार पोरांनी माती लोटली, आणि मी बघते तर काळी पिशवी तशीच! मी शेजारच्या सरांना म्हटलं, अहो, पिशवी काढा की. तर म्हणे, "मॅडम, आधी फोटो होऊ द्या, अपलोड करायचाय." फोटो झाला, पाहुणे गेले, पिशवी आतच. आता ती मुळं आतल्या आत वेटोळं घालत बसणार.

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक शिपाई मामा होते. ते एप्रिलमध्येच खड्डे खणून ठेवायचे. मे महिनाभर खड्ड्याला ऊन लागलं की मातीतली कीड मरते, असं त्यांचं शास्त्र. मग शेणखत, पालापाचोळा. दोन चांगले पाऊस झाल्याशिवाय रोपाला हात लावू द्यायचे नाहीत. हेडमास्तरांनी घाई केली तर म्हणायचे, "सर, भाषण आज उरकून घ्या, झाडाचं मी बघतो." पिशवी ब्लेडनं उभी चिरून, मुळांभोवतीची माती न फोडता रोप कसं सोडवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आणि आता? ५ जून, पर्यावरण दिन. आपल्याकडच्या बहुतेक शाळा तेव्हा उघडलेल्याही नसतात. मराठवाड्यात तेव्हा पावसाचा भरवसा कोणी द्यावा! १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी झाडांचा कार्यक्रम झाला, २०१९ ला तर तेहतीस कोटींचं उद्दिष्ट. त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. माणसं घागरी घेऊन रांगेत, तिथे शाळेतल्या रोपाला कोण विचारतंय? लावलेल्यांचा आकडा बॅनरवर असतो. जगलेल्यांचा बॅनर मी तरी पाहिलेला नाही.

बरं, सरांचाही नाइलाज असतो, मान्य. वरून आदेश आला की फोटो टाकावाच लागतो, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आहेतच. पण पिशवी काढायला कुठला जीआर लागतो?

मामा नुसते लावून थांबायचे नाहीत. बोराटीच्या काट्यांचं कुंपण करायचे, नाहीतर शेळ्या दोन दिवसांत फडशा पाडतात. उन्हाळ्यात प्रत्येक आळ्यात एक जुना माठ पुरलेला, तळाला भोक, भोकात चिंधीची वात. माठ भरला की पाणी मुळाशी झिरपत राहायचं. शाळा सुटताना आम्ही बाटलीत उरलेलं पाणी त्यातच ओतायचो. पाणी टाकून दिलेलं मामांना दिसलं तर खैर नसायची. माझ्या वाट्याला कडुनिंब आला होता. खरं सांगते, त्या कडुनिंबाशी मी भांडायचेसुद्धा, "वाढ की लवकर" म्हणून.

लहान वर्गांना तर झाडं देऊच नका, परसबाग द्या. मेथी महिन्याभरात हाताशी येते, पोरांनी पेरलेली त्यांच्याच खिचडीबरोबर ताटात पडते. पोषण आहार योजनेत परसबाग आहेच, काही शाळांत ती छान फुलवलेलीही आहे. त्या शिक्षकांना माझा दंडवत.

पण झाडांचा खरा प्रश्न मे महिन्याचा. शाळेला कुलूप, पोरं मामाच्या गावाला. आता शिपाईसुद्धा किती शाळांना उरलेत? खिचडी शिजवणाऱ्या ताई मात्र गावातल्याच असतात, आणि त्यांना मानधन मिळतं वर्षातले दहाच महिने. उरलेल्या दोन महिन्यांचंही द्या, आणि झाडांचं पाणी त्यांच्याकडे सोपवा. पैसे कुठून आणायचे म्हणाल, तर आधी बॅनर आणि हार बंद करा. कोणाला राग येणार ते मला ठाऊक आहे. येऊ दे.