क्षमता 440, मागणी 250, मग वीज जातेच कशी?

‘30 मे 2024 ला देशाची विक्रमी मागणी 250 गिगावॉट होती, स्थापित क्षमता मात्र सुमारे 440. म्हणजे टंचाई बनावट. आणि वीज गेली तरी नुकसान फक्त न विकलेल्या युनिटांचं.’ असा मजकूर सध्या फिरतोय. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत.

‘क्षमता जास्त, मग टंचाई कशी?’ त्या 440 मध्ये 80 हून अधिक गिगावॉट सौर होतं, आणि रात्री आठला ते शून्य असतं. वायूवरचे बरेच संच इंधनाअभावी बंद, काही औष्णिक संच दुरुस्तीला. म्हणून वर्षाच्या 8,760 तासांपैकी प्रत्येक तासाची मागणी आणि त्या तासाला खरोखर हाताशी असलेली वीज यांचा ताळा घालतात. राष्ट्रीय विद्युत योजनेत तूट पडण्याची शक्यता 0.2 टक्के धरली आहे, म्हणजे वर्षाला साधारण साडेसतरा तास.

‘मागणी मीटरवर दिसतेच की!’ मीटरवर दिसते ती दिलेली वीज. भारनियमनात फीडर (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी वाहिनी) बंद असला की नोंद शून्य. हे शून्य तसंच मागणीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये गेलं, तर पुढचा अंदाज कमी येतो, वीजखरेदी कमी होते आणि पुन्हा कपात. हे टाळायला दिवसाचे 15 मिनिटांचे 96 खंड घ्या. बंद खंड काढून तिथे त्याच वाराचा, तशाच तापमानाचा, वीज अखंड असलेल्या दिवसाचा आकडा भरा. वीज परत आल्यावरचे पहिले दोन-तीन खंडही वगळा, कारण सगळे फ्रीज आणि एसी एकदम सुरू होऊन भार फुगलेला असतो. शेतीपंपांचे फीडर आधीच वेगळे काढा. तिथला चढउतार उन्हापेक्षा पाळीच्या वेळापत्रकावर चालतो.

‘नुकसान म्हणजे युनिट गुणिले दर.’ 100 किलोवॉट भाराचा प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना घ्या. अर्धा तास वीज गेली की 50 युनिट. 9 रुपये दराने 450 रुपये. पण तेवढ्यात यंत्राच्या बॅरलमधलं (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतलं) प्लास्टिक थिजायला लागतं. ते पुन्हा तापवायचं, बाहेर काढायचं, पहिले नग भंगारात टाकायचे, आणि तोवर कामगार बसून. जनरेटर लावला तर लिटरभर डिझेलमागे तीन-साडेतीन युनिट मिळतात. 90 रुपये लिटरने नुसतं इंधनच युनिटला 26 ते 30 रुपये. जो हे पैसे मोजतो, त्याच्या लेखी न मिळालेल्या युनिटची किंमत निदान एवढी तरी आहेच.

शिवाय वीज सहा-सहा मिनिटं पाचदा गेली काय आणि सलग अर्धा तास गेली काय, दोन्हींचा ‘सायडी’ (ग्राहकामागे वीज सरासरी एकूण किती वेळ गेली, तो आकडा) सारखाच येतो. पण ज्या यंत्राला प्रत्येक वेळी वीज गेल्यानंतर नव्याने सुरुवात करावी लागते, त्याचं पहिल्या प्रकारात पाचदा नुकसान होतं. म्हणून ‘सायफी’ (ग्राहकामागे वीज सरासरी किती वेळा गेली, तो आकडा) शेजारी मांडल्याशिवाय खर्चाचा हिशेब धरू नका, आणि ग्राहकांना नुकसानीबद्दल विचारताना वीज किती वेळ गेली, किती वाजता, पूर्वसूचना होती का, हे वेगवेगळं विचारा.