लिनक्स टाकल्याने साउंड चिप जळत नाही

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की साउंड चिप जळते, मदरबोर्डच बदलावा लागतो.’ हे खोटं आहे. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. ती टाकल्यावर आवाज गेला, की सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी ‘डमी आउटपुट’ दिसतं, म्हणजे सिस्टीमला साउंड कार्ड सापडलेलं नाही. चिप बहुधा धडधाकट असते. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत आवाज डीएसपीमार्फत, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या छोट्या प्रोसेसरमार्फत जातो. त्याला ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या सॉफ्टवेअरच्या फाइल लागतात; त्या नसल्या की ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही. त्या फाइलींचं पॅकेज टाका, रीस्टार्ट करा.

हेडफोनमधून आवाज येतो, स्पीकर मात्र मुका? मग चिप जिवंत आहे भो! अशा वेळी चिपच्या कोणत्या पिनला स्पीकर जोडलाय, ही जुळणी लिनक्समध्ये चुकलेली असू शकते, किंवा ॲम्प्लिफायर चालूच झालेला नसतो. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकून पाहा. जुनं विंडोज शिल्लक असेल, तर त्यात आवाज येतो का ते आधी बघा, दुकानात नंतर जा.