‘निवडक तोड म्हणजे ट्रेलचं भलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सायकलवाल्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. म्हणणं असं की रानात निवडक झाडं तोडली तर माउंटन बाइकच्या ट्रेलचं नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. कारणं सहा दिली आहेत. थोडीच झाडं जातात म्हणून ट्रेलला धक्का लागत नाही. लाकूड ओढायच्या वाटा म्हणजे फुकटात तयार सिंगलट्रॅक, म्हणजे एकामागे एक सायकल जाईल एवढी अरुंद वाट. झाड गेलं की मुळं जातात आणि ट्रेल गुळगुळीत होतो. ऊन पोचल्यामुळे ट्रेल लवकर वाळतो. फांद्या ट्रेलवर पसरल्या की धूप थांबते. आणि परदेशात सगळीकडे असंच चालतं. हा मेसेज माझ्या मेव्हण्यांपर्यंत पोचला. मुळशी खोऱ्यातल्या त्यांच्या मालकीच्या रानातून एक सुरेख वाट जाते, आसपासची मुलं तिथे सायकली चालवतात, आणि लाकडाचा व्यापारी तिथली ऐन-किंजळाची झाडं बघून गेला आहे. ‘म्हणजे दोन्ही साधतंय की,’ असं ते म्हणाले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मालकाने आपल्या रानातलं लाकूड विकावं की नाही, हा माझा मुद्दा नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, साग वगैरे जाती आहेत, त्यांना परवानगी लागते, ती रीतसर घ्यावी. पण परवानगी असते झाडाची. त्या झाडाचं लाकूड कुठून ओढत न्यायचं, ते सहसा व्यापाऱ्याचा ट्रॅक्टरवाला ठरवतो, आणि ट्रेलचं जे व्हायचं ते त्यावरच ठरतं.

सगळ्यात घातक मुद्दा मुळांचा आहे. झाड तोडलं म्हणून मुळं जात नाहीत, ती जमिनीतच राहतात. पुढे काय होतं, हे कळायला आधी आपली वाट उतारावर कशी टिकते ते बघावं लागेल. सह्याद्रीतल्या बहुतेक पायवाटा डोंगराच्या कुशीत आडव्या कापलेल्या असतात. आतली निम्मी बाजू खोदलेल्या टणक जमिनीवर असते, बाहेरची निम्मी खोदून निघालेल्या मातीच्या भरावावर. हा भराव खालच्या अंगाच्या झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. तेही बुंध्याजवळच्या मांडीएवढ्या जाड मुळांनी नव्हे, तर त्यांना फुटलेल्या सुतळीएवढ्या आणि त्याहून बारीक मुळ्यांनी. झाड मेलं की आधी याच बारीक मुळ्या कुजतात. जाड मुळं मागे राहतात आणि आतून पोकळ होत जातात. पावसाळ्यात त्या पोकळीतून पाणी शिरतं, आतल्या आत माती वाहून नेतं आणि वरून धडधाकट दिसणारी वाट एक दिवस चाकाखाली खचते. बाहेरची कड आधी जाते. सायकलवाल्याचं पुढचं चाक बरोबर त्याच कडेवरून जात असतं.

अमेरिकी वनखात्याचे संशोधक रॉबर्ट झीमर यांनी १९८१ साली हा हिशोब मांडला. तोडीनंतर जुन्या मुळांची ताकद घटत जाते, नव्या रोपांच्या मुळांची हळूहळू वाढते, आणि दोन्हींची बेरीज मधल्या काही वर्षांत तळाला जाते. पुढच्या अभ्यासांत हा धोक्याचा काळ तोडीनंतर साधारण ३ ते १५ वर्षं धरला जातो. म्हणजे तोड झाली त्याच पावसाळ्यात काही बिघडलं नाही, म्हणून ‘बघा, काही झालं नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. वाट ढासळेल तेव्हा व्यापारी कधीच निघून गेलेला असेल आणि दोष अतिवृष्टीवर जाईल. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत आणि वाळवीच्या राज्यात कुजणं थंड मुलखापेक्षा लवकरच होतं.

इथे एक अर्धसत्य मान्य करायलाच हवं. हे अभ्यास मुख्यतः सरसकट तोडीचे आहेत. निवडक तोडीत शेजारच्या जिवंत झाडांची मुळं काही भार घेतात, त्यामुळे सबंध उतार नव्हे तर प्रत्येक बुडख्याभोवतीचा तुकडा कमकुवत होतो. शिवाय ऐन, किंजळ, जांभूळ यांना बुडख्यातून धुमारे फुटतात. धुमारे फुटले म्हणजे मुळं जिवंत राहिली. पण त्यासाठी तोड कोरड्या दिवसांत, जमिनीपासून वीतभराच्या आत, किंचित तिरकी आणि साल न फाटता व्हायला हवी, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. नंतर तो बुडखा कुणी जाळू नये, खणू नये, आणि कोवळे धुमारे गुरांपासून राखावेत. मेसेजवाल्याला मात्र मुळं ‘गेलेली’ हवी आहेत. वाटेच्या खालच्या अंगाला चार-पाच मीटरच्या पट्ट्यातलं मूळ गेलं, तर वाटही गेली. त्याहून बरं म्हणजे त्या पट्ट्यातलं झाड व्यापाऱ्याच्या मोजणीत येऊच देऊ नये.

गुळगुळीतपणाचंही ऐका. ओंडका मुळांवरून ओढला की साल सोलून निघते. सालीवर टायर थोडा तरी धरतो. सोललेल्या ओल्या लाकडावर अजिबात धरत नाही, त्यातून मूळ वाटेला तिरपं असेल तर चाक बाजूला फेकलं जातं. आणि मधेच आलेला बुडखा उपटून काढला, तर उरलेला खड्डा नुसत्या मातीने भरून चालत नाही. तळाला दगड, वर मुरूम, १५-१५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसने ठोकलेला, असं केलं तरच तो पुढच्या पावसात बसत नाही.

आता ‘फुकटातला सिंगलट्रॅक’. लाकूड ओढायची वाट ट्रॅक्टरला सोयीची म्हणून काढलेली असते, म्हणजे डोंगराच्या उताराला सरळ रेषेत, पाणी धावतं त्याच दिशेने. रुंदी अडीच-तीन मीटर, मधला भाग ओंडक्यांनी घासून खोलगट झालेला. ट्रेल बांधणारे याच्या नेमकं उलट करतात. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचा नियम जगभर वापरला जातो: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकूण सरासरी १० टक्के किंवा त्याहून कमी राहावी. डोंगराचा उतार ३० टक्के असेल, तर वाट जास्तीत जास्त १५ टक्के. ओढायची वाट त्या डोंगरावर पूर्ण ३० टक्क्यांनी उतरते. तिच्यावर आलेलं पाणी बाजूला उतरू शकत नाही, कारण वाटेचीच पन्हळ झालेली असते. मोजायला महागडं यंत्र लागत नाही: १० मीटर दोरीचं वरचं टोक जमिनीला टेकवून ती पातळीत ताणा, खालच्या टोकाशी दोरी जमिनीपासून दीड मीटर वर आली तर उतार १५ टक्के.

त्यात माती दबते. दबायची बहुतेक माती भरल्या ट्रॅक्टरच्या पहिल्या काही फेऱ्यांतच दबते. त्यामुळे ‘चारच खेपा झाल्या’ या सबबीला अर्थ नाही. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वरून वाहतं. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला संपलेल्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असला पाऊस त्या पन्हळीतून गेला की पहिल्या पावसाळ्यात चाकोऱ्या नडगीएवढ्या खोल होतात आणि पुढे तिथे घळ पडते. शिवाय यातून निघालेला गाळ जातो कुठे? ओढ्यात, आणि ही ओढवाट, म्हणजे लाकूड ओढायची वाट, जिथे जुना ट्रेल कापते तिथे ट्रेलवर. जुन्या ट्रेलचं सगळ्यात मोठं नुकसान या कापण्याच्या जागांवर होतं. बाहेरच्या अंगाला दिलेला ५ टक्क्यांचा झुकाव, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीच्या वाटेला अवघा ३ सेंटिमीटर, ट्रॅक्टरच्या चाकाखाली एका फेरीत मोडतो. झुकाव गेला की पाणी वाटेवरच थांबतं. सायकलवाले चिखल टाळायला कडेने जातात, वाट रुंदावते आणि आणखी चिखल होतो.

म्हणून तोड होणारच असेल, तर कापण्याची जागा एकच ठेवावी, सपाट भागात, काटकोनात. ट्रेलवर आधी फांद्यांचा फूटभर जाड थर आडवा अंथरावा, त्यावरून ओढावं आणि काम संपलं की थर पूर्ण उचलावा. मूठभर माती दाबून लाडू वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला नाही, तर त्या दिवशी ओढणं बंद. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की हा प्रयोग रोज करावा लागतो.

आणि ओढवाट नंतर ट्रेल म्हणून वापरायची नसते, बंद करायची असते. माती कोरडी असताना जेसीबीच्या दातांनी किंवा कुदळीने फूटभर खोल उकरा. मग ३० ते ४५ अंशांच्या कोनात आडवे चर काढा: १० टक्के उताराला साधारण २५ मीटरवर एक, २० टक्क्यांना १२ ते १५ मीटरवर एक. चराचं खालचं तोंड मोकळं आणि रानात उतरणारं हवं, नाहीतर पहिल्याच पावसात तो गाळाने भरतो. काही जण चराऐवजी वाटेत ओंडका आडवा गाडतात. ज्या वाटेवर सायकल जाणार आहे तिथे हे करू नका. ओला ओंडका चाक घसरवतो आणि त्याच्या वर माती साचून पाणी शेवटी ओंडक्याला वळसा घालतं. तिथे लांब, सौम्य खोलगा आणि त्यामागे उंचवटा, असा आकार वाटेला द्यावा.

फांद्यांचा मुद्दाही याच घोटाळ्यातून आला आहे. बंद केलेल्या ओढवाटेवर, जमिनीला चिकटून, उताराला आडव्या टाकलेल्या फांद्या खरंच माती अडवतात. चालू ट्रेलवर टाकलेल्या फांद्या पाणी तुंबवतात, पानांखाली लपतात, स्पोकमध्ये शिरतात आणि डिरेल्यरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर मोडून ठेवतात. ओढ्यात टाकल्या तर पुरात तुंबा फुटून खालची वाट जाते. त्याहून गंभीर गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: शेजारचं झाड पडताना मोडलेल्या, वरच लटकून राहिलेल्या फांद्या. त्या उतरवल्याशिवाय त्या भागातून कुणालाही जाऊ देऊ नये. हेल्मेट अशा फांदीपुढे पुरं पडत नाही. ट्रेलच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आतले बुडखे जमिनीलगत कापून घ्यावेत. गुडघ्याएवढ्या उंचीवर टोकदार तिरके कापलेले बुडखे पडणाऱ्याच्या पोटात घुसू शकतात.

ऊन आलं की ट्रेल लवकर वाळतो, हे खरं आहे. दिवाळीनंतरचे चिखलाचे पट्टे मोकळ्या जागी आधी सुकतात. पण माती पावसापासून वाचवतो तो मुख्यतः जमिनीवरचा पालापाचोळा आणि खालचं झुडूप. उंच झाडावरून ओघळणारे थेंब मोठे असतात, ते उघड्या मातीला कमी मारत नाहीत. तोडीत हा पाचोळाच आधी खरवडला जातो. मग मार्चपासून कडक जमिनीवर सुटी भुकटी पसरते आणि वळणावर पुढचं चाक सुटतं. मोकळ्या उजेडात पहिल्या पावसानंतर रानमोडी आणि घाणेरी ही तणं उसळतात, दोन पावसाळ्यांत ती डोक्याच्या वर वाढून वाट मिटते. रानमोडी नुसती कापली तर पुन्हा फुटते. जमीन ओली असताना मुळासकट उपटावी लागते, आणि तीही हिवाळ्यात फुलोरा येऊन बी उडण्याआधी. हे काम दरवर्षी कोण करणार, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

परदेशाचा दाखला थोडक्यात. दक्षिण स्कॉटलंडमधल्या सेव्हन स्टेन्स या माउंटन बाइक केंद्रांचे ट्रेल, ग्लेनट्रेससारखे, लाकडासाठी लावलेल्या सरकारी जंगलात आहेत, हे बरोबर. पण तिथे मुख्यतः पट्टेच्या पट्टे तोडले जातात, म्हणजे ते निवडक तोडीचं उदाहरणच नाही. तोडीच्या काळात तो ट्रेल बंद करून दुसरीकडून वळवतात, आणि नंतर पगारी माणसं खडी टाकून तो पुन्हा बांधतात. ग्लेनट्रेसकडचा पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्या घाटमाथ्यावर तेवढा जुलैच्या एका पंधरवड्यात पडू शकतो. तोड त्यांच्याकडून घ्यायची आणि ट्रेल बंद ठेवणं, पुन्हा बांधणं सोडून द्यायचं, हे चालणार नाही.

‘थोडीच झाडं’ या पहिल्या मुद्द्याला वेगळं उत्तर नको. दहा झाडं एका जागी असोत की रानभर विखुरलेली असोत, ट्रॅक्टरला प्रत्येकापर्यंत पोचावं लागतं. विखुरलेली असतील तर ओढवाटा जास्त होतात.

मेव्हण्यांना मी व्यापाऱ्याशी करायच्या कागदात चार गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या आहेत. वाटेच्या खालच्या पट्ट्यातली झाडं सोडायची आणि ती आधीच चुन्याने खुणावून ठेवायची. ट्रेल ओलांडायची जागा एकच, मालकाने दाखवलेली. ओढकाम १५ मेपर्यंत संपवायचं, आणि त्याआधी वळीव झाला तर माती सुकेपर्यंत थांबायचं. शेवटी जेसीबी परत जाण्याआधी ओढवाट उकरून तिच्यावर चर काढून द्यायचे. या शेवटच्या कामासाठी व्यापाऱ्याकडून अनामत घ्यायची, आणि चरांची तोंडं स्वतः चालत जाऊन बघितल्यावरच ती परत करायची.