उंदराचं दुखणं वेगळं, माणसाचं वेगळं

वेदनेवरच्या नव्या औषधाचा हा लेख छान आहे पण 'उंदरांवर यशस्वी, आता वेदनेवर रामबाण' हे हेडिंग जरा जास्तच झालं. नॅव्ह १.७ या सोडियम चॅनेलचंच (म्हणजे नसांमधून दुखण्याचा संदेश पुढे नेणाऱ्या बारीक दाराचंच) बघा ना, २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवर संशोधनाचा पेपर आला, तो शोध सुरू झाला एका पोरामुळे जो रस्त्यावर खेळ करताना निखाऱ्यांवरून चालायचा आणि त्याला दुखायचंच नाही, अशा लोकांत हे चॅनेल जन्मापासूनच बंद असतं, मग काय सगळ्या कंपन्या ते चॅनेल बंद करायच्या मागे, उंदरांत रिझल्ट झकास आणि माणसांत ट्रायल घेतली की फुस्स.

मुळात उंदराला विचारता येत नाही ना कुठे दुखतंय म्हणून. पंजाला गरम लावायचं नाहीतर बारीक तार टोचायची आणि तो किती वेळात किंवा किती जोर लावल्यावर पाय ओढतो ते मोजायचं. औषधाने उंदीर नुसता सुस्त झाला तरी पाय उशिरा ओढणार, म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर पण चालवून बघतात, ते लेखात यायला हवं होतं. माझ्या आईला नागीण झाली होती, बरी झाल्यावरही कित्येक महिने पदर घासला तरी कळवळायची, पण काही न लागता रात्रभर जी आग व्हायची ती कुठल्या तारेने मोजणार?

आणि गंमत म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सुझेट्रिजिन हे वेदनेवरचं औषध (नॅव्ह १.८ वालं, म्हणजे १.७ च्या भाऊबंद चॅनेलला बंद करणारं) उंदराच्या चॅनेलवर माणसाच्या मानाने खूपच कमी चालतं. नुसते उंदीर बघून ठरवलं असतं तर ते कपाटातच राहिलं असतं की!